तांबूस चौकट

तिचा अंगठा त्या एकाच चौकटीवर थांबला होता. बाकी सगळा अंक काळा-पांढरा. ही चौकट तेवढी तांबूस. तिने अंगठा कागदावर हलकेच फिरवला, उजेडात धरून पाहिला, मग बोटांत चोळला.

टेबलापलीकडून बरासाने ते पाहिलं आणि हातातला मांदाझी, तळलेला गोड पाव, तसाच बशीत ठेवला. गिऱ्हाईक असा अंक पाहत नाही.

नदीकाठच्या चर्चच्या सभागृहात सकाळपासून ‘पुरानंतर’ या चित्रकथेचा पहिला अंक विकायला मांडला होता. गोष्ट त्याच्या मावसबहिणीची, नेकेसाची. चित्रं त्याची. जग बुडाल्यावर छपरांवरून फिरणारी एकटी मुलगी. ते बुडालं कसं, हे फक्त त्या तांबूस चौकटीत होतं: धरणाच्या पायथ्याशी एक बारीक धार.

“सरकारी दिसते,” बरासा शेजारी बसलेल्या नेकेसाच्या कानात कुजबुजला. “खिशात ओळखपत्राची दोरी कोंबलीय बघ.”

“असू दे. विकत घेतलाय तिने.”

“पाण्याच्या टाकीवरच्या माझ्या चित्राला सरकारी माणसांनी चुना फासला, तेव्हाही आदल्या दिवशी एक बाई येऊन गोड हसून गेली होती.”

“ही हसतेय तरी कुठे!”

बाई टेबलापाशी आली. “ही चौकट हाताने रंगवलीत? प्रत्येक अंकात?”

“हो मॅडम. थोडा रंग उरला होता.”

“रंगाचे असे कण सुटत नाहीत. ही माती आहे.”

“आमच्या अंगणातली.”

“या खोऱ्यात सगळीकडे काळी माती आहे.” तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बरासाला जास्त भीती वाटली. तिने पर्समधून फोन काढला, क्षणभर हातात धरला आणि परत ठेवला.

नेकेसा मध्ये पडली. “मॅडम, गोष्ट मनातली आहे. धरणाची बदनामी वगैरे काही नाही. हवं तर हे पान फाडून विकतो.”

“फाडू नका,” बाई पटकन म्हणाली. “माती कुठून आणली?”

म्हणजे तिला पुरावा हवा होता. एकदा तोंडून निघालं की अंक जप्त, वर बंदी असलेल्या जागी शिरल्याचा गुन्हा. वर्षभराची मेहनत पोत्यात भरून नेतील. बरासा अंकांची चळत उगाच सरळ करू लागला.

“सांग की आता!” नेकेसा वैतागली. “मला उठताबसता ऐकवायचास, ‘धरण धरणाच्याच मातीने रंगवलंय’ म्हणून. आता का दातखीळ बसली?”

बरासाने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने जीभ चावली.

“भिंतीच्या खालच्या अंगाला पाझर आहे,” तो शेवटी म्हणाला. “मासे धरायला जातो मी तिथे. पाण्यातून गाळ येतो, तो फडक्यात गाळून घेतला.”

“पूर्वीपासून येतो?”

“नाही. पूर्वी नितळ पाणी यायचं. महिनाभर झाला, चहासारखं येतंय.”

“आणि धार?”

“जाड झालीय.”

“तिथे जायला मनाई आहे, ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“नाव?”

“वाफुला बरासा.”

तिने मान हलवली, फोन पुन्हा काढला आणि या वेळी नंबर लावला. बरासा खाली वाकून अंकांचे गठ्ठे टेबलाखाली सरकवू लागला. नेकेसा त्याच्यापुढे आडोशाला उभी राहिली.

“साहेब, चेबेट बोलतेय. भिंतीच्या गाभ्यात भरायला डोंगरावरून आणलेली तांबडी माती पाण्याबरोबर बाहेर पडतेय. आत्ता माझ्या बोटाला लागलीय. भिंत आतून पोखरली जातेय.” पलीकडून कोणीतरी बराच वेळ बोलत राहिलं. तिने डोळे मिटून ऐकून घेतलं. “नाही साहेब, आणखी एक बैठक नको. कितीदा तेच म्हणत आलो आपण. भोंगा वाजवा. धरणाखालची सगळी गावं आत्ताच्या आत्ता रिकामी करा.”