दात पाहून वय

दुसरीच्या वर्गात मोहिनीबाई दुधाचे दात शिकवत होत्या. मयूरी उठून म्हणाली, "बाई, मन्हा पप्पा सारंगखेडानी जत्रामा दात दखीसन घोडानं वय सांगस. कधीच चुकत नही."

वर्ग हसला, बाईही हसल्या. "आणि तुझं वय सांगतात का गं?"

"मन्हं बी सांगस. ताईनं मातर चुकनं. काल तिले दखाले पाव्हना उनात, तेस्ले अठरा सांगं."

पोरं पुन्हा खिदळली. मयूरीची ताई रोहिणी याच शाळेत आठवीत होती. बाईंच्या हातातला खडू फळ्यावर तसाच टेकून राहिला.



भिंतीपलीकडे आठवीची हजेरी चालू होती. गुरुजींनी रोहिणीचं नाव दोनदा पुकारलं आणि ते पुढच्या नावाकडे वळले.