कडव्यांमधली जागा

“मंधात थांबते काय हे?” डोमाजीने तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही, आबा. आपण बंद करू तवाच बंद होते,” रूपाली म्हणाली. डोमाजीची ही नात मावला शहरात राहून कॉलेजात शिकत होती आणि शनिवारच्या भजनासाठी मुद्दाम गावी आली होती. मारुतीच्या देवळात एरवी डोमाजीचा मृदंग जिथं असायचा, तिथंच तिनं पाटावर टॅब ठेवला होता आणि बाजूला काळा स्पीकर.

“अन् गाणारा थांबला तर?”

“तरी हे वाजतच राह्यते. गाणाऱ्याचं आयकून थांबणारं ॲप पुढं येणार हाय म्हणतात. दिवाळीपर्यंत येईन.”

“दिवाळीले,” डोमाजी पुटपुटला. दिवाळीला चार महिने होते आणि भजनाला पाच मिनिटं.

बरं, हे लचांड त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. महिन्याभरापूर्वी रूपालीनं भीतभीत विचारलं होतं, “आबा, तुमचे बोल टॅबमंधी भरून घेऊ काय?” म्हातारा दुखावेल असं तिला वाटलं होतं. म्हाताऱ्यानं एका दुपारी सगळे बोल काढून दिले आणि त्या रात्री तो घोरत झोपला. चाळीस वर्षं वाजवणाऱ्याला मृदंग सोडवत नसेल, असं लोकांना उगाच वाटतं. सोडवतो, चांगला सोडवतो. घेणारं कोणी नसतं, म्हणून तो मांडीवर राहतो. तीन वर्षांपासून डोमाजीचा डावा खांदा ठणकत होता. हे त्यानं घरात सांगितलं नव्हतं आणि भजनी मंडळात तर नाहीच. आता सुटलो, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

आज सकाळी मात्र मृदंगाच्या डाव्या पुडीवरची वाळलेली कणीक खरवडताना त्याला उत्तमराव आठवला.

उत्तमराव भजन सांगायचा, म्हणजे पुढं बसून कडवी गायचा. दोघं बरोबरच म्हातारे झाले होते. तीन वर्षांपूर्वी उत्तमराव दुसऱ्या कडव्यानंतर अडू लागला. टाळकऱ्यांचं धृपद म्हणून व्हायचं, तिसरं कडवं यायची वेळ व्हायची आणि हा गप्प. उपरण्यानं कपाळ पुसायचा आणि खाली मृदंगाकडे बघत राहायचा, हरवलेली ओळ जणू तिथंच पडली आहे. त्याच सुमाराला तो भीमपूरच्या बाजारात दोनदा छत्री विसरून आला होता. डोमाजीनं काय ते ओळखलं. उत्तमराव अडला की तो नुसत्या उजव्या हातानं हलकं हलकं वाजवत राहायचा, ठरवून केल्यासारखं. ओळ सापडली की उत्तमराव उचलायचा. आधी एक आवर्तन जायचं, यंदा चार-चार जात होती. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्यांची ही खास पद्धत आहे. लोक माना डोलवायचे.

यंत्र कशाला सांभाळून घेईल? आज सगळ्या गावासमोर उत्तमराव उघडा पडणार होता, आणि तेही डोमाजीच्याच हाताच्या बोलांवर. या विचारानं डोमाजीला दुपारी भाकर गेली नाही.

“उत्तमराव, आज मीच वाजवतो. मशीन पुढच्या शनवारी पाहू,” त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

उत्तमराव पेटीजवळ मांडी घालून बसला होता. “काऊन? पोरगी एवढ्या दुरून आली. वाजवू दे तिले. तू बस अन् आयक.”

काय मागतोय हे याला कळत नाही, असं मनाशी म्हणत डोमाजी खांबाला टेकला. रूपालीनं बोट टेकवलं. स्पीकरमधून त्याचाच मृदंग घुमला, तरुण, ठणठणीत, कुठंही न दुखणारा.

पहिलं कडवं झालं. धृपद झालं. दुसरं कडवं सुरू झालं तसा डोमाजी खांब सोडून पुढं सरकला. त्याचा आवाज फाटका होता, जन्मात तो कधी गायला नव्हता. पण तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ तो दुपारपासून घोकत होता. उत्तमराव अडला की आपण ओरडायचं. लोक हसले तर आपल्याला हसतील.

दुसरं धृपद संपलं. डोमाजीनं तोंड उघडलं.

उत्तमरावानं तिसरं कडवं उचललं. थांबला नाही, कपाळ पुसलं नाही, खाली पाहिलं नाही. तिसऱ्यामागून चौथं, चौथ्यामागून पाचवं. डोळे मिटून, मोकळ्या गळ्यानं, यंत्राच्या बरोबरीनं तो गात सुटला. तीन वर्षांत गावानं त्याला असं ऐकलं नव्हतं. मशीननं म्हाताऱ्याला जवान केलं, असं कोणीतरी मागून म्हणालंसुद्धा. डोमाजीचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. त्याला आनंद झाला आणि रागही आला.

भजन संपल्यावर दोघं देवळाच्या पायरीवर बसले. आत रूपाली वायरी गुंडाळत होती.

“आज एकबी कडवं इसरला नाहीस,” डोमाजी म्हणाला.

“मी कवा इसरलो?”

“मंग तीन वर्सं मंधात थांबून काऊन राह्यला होतास?”

उत्तमरावानं प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा मोडला. डोमाजीचा डावा हात त्याच्या जवळ होता, तरी पलीकडे वाकून त्यानं अर्धा तुकडा उजव्या हातावर ठेवला.

“आज मशीन वाजवत होतं, गड्या,” तो म्हणाला. “मशीनचा खांदा दुखत नाही.”