न पाहिलेल्या भागाचा निषेध

“तर मग, तिथं दाखवलं काय?” बिशप टोलमननी विचारलं, आणि सभागृहामागच्या खोलीतली अकरा माणसं आपापल्या बुटांकडे पाहू लागली.

आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, टीव्हीवरच्या एका मालिकेत त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या मंदिरातला विधी दाखवला होता. आत जाणारा प्रत्येक जण ज्याबद्दल बाहेर अक्षर काढणार नाही असं वचन देतो, तोच विधी. सगळं सॅनपीट खोरं खवळलं होतं. निषेधाचं पत्र पाठवायचं यावर एकमत होतं. पण लिहायचं काय, इथं घोडं अडलं. कार्यक्रम कुणी पाहायचा नाही, असं बिशपनीच व्यासपीठावरून बजावलं होतं. न पाहता ओरडावं, तर टीव्हीवाले हसणार. आणि अमुक एक गोष्ट चुकीची दाखवली असं लिहावं, तर बरोबर कोणती ते आपोआप फुटणार.

शेवटी बिशपनी तोड काढली होती. गल्लीत एकच माणूस पंथाबाहेरचा होता, त्या अकरांतल्याच वर्डाचा नवरा अ‍ॅक्सेल. त्याला कसलं वचन नव्हतं, कसली मनाई नव्हती. बिशपनी फोन करून विचारलं, कार्यक्रम पाहिलास का. “पाहिला की,” तो म्हणाला. त्याला बोलावणं गेलं.

टर्की पक्षी पाळणाऱ्या या माणसाशी लग्न करून वर्डाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं त्याच्यापासून एवढी एकच गोष्ट लपवली होती. मुलीचं लग्न मंदिरात लागलं, तेव्हा पंथाबाहेरच्याला आत मज्जाव म्हणून बाप बाहेर बाकावर थर्मास घेऊन बसला होता. त्यानं तेव्हाही विचारलं नाही, आत काय झालं. रविवारी मुद्दाम ती बहिणीकडे जाऊन बसली. आणि घरी हा एकटा, टीव्हीसमोर. आता त्यानं सगळं पाहिलं होतं, तेही कुण्या नटांनी नाचवलेलं. आता तो तिच्याकडे बघून मनात हसणार. जे तिनं जपलं, ते घरातच उघडं पडलं होतं.

अ‍ॅक्सेल आला, कॉफीचा थर्मास घेऊनच. पंथात कॉफी वर्ज्य; वर्डा सोडली तर खोलीत त्या वासाची सवय कुणालाच नव्हती. एका बाईनं लिंबाच्या जेलीचं भांडं हळूच लांब सरकवलं. कुणीही चेहरा हलवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. एखादी मान हलली तरी भेद फुटला असता. अकरा चेहरे दगडासारखे झाले.

अ‍ॅक्सेल सावकाश सांगू लागला. आधी म्हणे सगळे जण शिडी चढले. मग उतरले. मग एका म्हाताऱ्यानं सगळ्यांच्या हातावर एकेक बटाटा ठेवला. कच्चा. तो घेऊन खोलीला तीन फेऱ्या झाल्या. सेक्रेटरी बाई भराभर लिहून घेत होत्या. वर्डा श्वास रोखून ऐकत होती. जे ती ऐकत होती त्यात तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं. टीव्हीवाल्यांना काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

“मग एक टर्की आणली,” अ‍ॅक्सेल म्हणाला. “पांढरी. चांगली वीस पौंडांची असेल. छातीला भरलेली.”

“टर्की कुठं होती?” अकरांतले ब्रदर थेन एकदम बोलून गेले.

सगळे त्यांच्याकडे वळले. बिशपनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, कार्यक्रमात टर्की नव्हती हे त्यांना कसं ठाऊक. ब्रदर थेन कानापर्यंत लाल झाले. आपण आपलं सहज म्हटलं, नसावी असं वाटलं, असं काहीबाही ते पुटपुटले. मग आणखी चौघांना एकाच वेळी खोकला आला. ते चौघेही बुटांकडे पाहू लागले. त्यानंतर टर्कीबद्दल कुणी शंका काढली नाही.

पत्र तासाभरात तयार झालं. सेक्रेटरी बाईंनी ते उभं राहून वाचलं: “आमच्या विधीत टर्की असते की नसते, हे आम्ही सांगू शकत नाही. बटाट्यांबद्दलही आम्हाला काही बोलायचं नाही. तथापि, ही दृश्यं दाखवल्याबद्दल आम्ही तीव्र निषेध नोंदवतो.” अकरा जणांनी सह्या केल्या. ब्रदर थेननी सगळ्यात आधी केली, आणि सगळ्यात मोठी.

परतताना गाडीत, वळणावर वर्डानं विचारलं, “वीस पौंडांची पांढरी टर्की. ती आपल्याच खुराड्यातली ना रे?”

“दुसरी कुठली ठाऊक आहे मला?”

“म्हणजे तू कार्यक्रम पाहिलाच नाहीस.”

“शेडमध्ये होतो. पाण्याची भांडी धूत होतो.”

“मग पाहिला म्हणून कशाला सांगितलंस? बिशपना? सगळ्यांदेखत?”

“मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी दुसऱ्या कुणाला शोधून आणलं असतं. त्यानं खरंच पाहिलेलं असतं. आणि तुला तिथं बसून ते ऐकावं लागलं असतं.”

तिनं विचारलं, घरात एकटाच होतास, कुणी बघत नव्हतं, तुला एकदासुद्धा टीव्ही लावावासा वाटला नाही का.

अ‍ॅक्सेलनं गाडीचा वेग कमी केला.

“जे तू मला सांगितलं नाहीस,” तो म्हणाला, “ते परक्याकडून ऐकून घेऊ होय?”