रबराच्या मळ्यातला गृहपाठ

डोळे मिटा आणि कान उघडे ठेवा. सुमात्रातल्या रानाच्या कडेला रबराचा मळा आहे. मळ्यात चार उंच खांबांवर झोपडी आहे, आणि झोपडीच्या सज्जात वही घेऊन निआर बसली आहे. तुम्हीही तिच्याशेजारी बसा. बोलू नका. ती आवाज लिहिते आहे.

गुरुजींनी सांगितलं होतं, बसाल तिथले आवाज लिहून आणा. शिवाय एक वाक्य असं करा, की त्यातला शब्दन् शब्द एकाच अक्षराने सुरू होईल. आवाज सोपे होते. झाडांवरचे किडे किर्र करत होते. वानरं हूऽप हूऽप. झाडांना बांधलेल्या करवंट्यांत चीक टपटप गळत होता. आणि आमाकचा, म्हणजे आईचा, चाकू सालीवरून चर्र चर्र फिरत होता. वाक्य मात्र जमेना.

"एका अक्षराची माळ लावून बोलतं का कुणी?" सकाळी चाकूला धार लावताना आमाक हसली होती. "बाजारात असं बोललीस तर मासेवाली हाकलून देईल तुला."

"गुरुजी म्हणतात, असं वाक्य कानात बसतं."

"मग इकडं या म्हणावं गुरुजींना. डासही कानातच बसतात."

झाडांत शिरताना तिनं रोजची ताकीद दिली होती. "कुणी हाक मारली तर ओ देऊ नको. माझ्या आवाजात मारली तरी नको. मीसुद्धा देत नाही." रानातलं भूत माणसाचा आवाज काढतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

निआर पाचवा आवाज शोधत होती. एकाएकी किड्यांची किरकिर थांबली. मग वानरं गप्प झाली, अर्ध्या हूपवरच. एकही पाखरू बोलेना. सगळं रान असा श्वास धरतं, ते फक्त आजोबा आले की. वाघाचं नाव तिथं कुणी घेत नाही, आजोबाच म्हणतात.

एकच आवाज चालू होता. चर्र. चर्र. वाकून साल कापणाऱ्या आमाकला रान गप्प झाल्याचं कळलंच नव्हतं.

"आमाक!" निआर ओरडली.

चाकू थांबला. मग पुन्हा चर्र.

"आमाक गं! मी आहे, निआर!"

चर्र. आता आणखी लांबून. आमाक आपलाच नियम पाळत होती.

निआरनं वहीकडं पाहिलं. रानातलं भूत आवाज चोरेल. नावही चोरेल. पण गृहपाठ कुठून करील?

ती कठड्याला धरून उभी राहिली.

"आमाक, आता आवर! आवाज आटले! आजोबा आलेत, आजोबा! आत! आत! आत!"

चाकू थांबला. बादली खणकन पडली. पाचोळ्यातून पावलं धावत सुटली. दोन पायांचीच होती.

निआर थांबली नाही. आमाकचा हात शिडीला लागेपर्यंत ती ओरडत राहिली, आणि दुसऱ्या अक्षराचा एकही शब्द तिनं तोंडातून येऊ दिला नाही.