मालकाची हाक

१९८३ साली परभणीहून आलेला गुरांचा डॉक्टर चारुदत्त टेक्सासच्या एका राँचवर कळप हाकायला शिकत होता. राँचचा मालक त्या हिवाळ्यात वारला होता, आणि गुरं फक्त त्याच्याच हाकेला यायची. म्हातारा गडी लुईस ती हाक चारुदत्तकडून रोज घोटून घ्यायचा. "आणखी खालच्या आवाजात. शेवट लांबव." महिनाभर एकाही गाईने मान वळवली नाही.

एका सकाळी हाक नेमकी जमली. टेकडीपलीकडून सगळा कळप धावत आला. चारुदत्त हरखून मागे वळला, तर मालकाची बायको मार्था स्वयंपाकघरातून अनवाणी धावत येत होती. त्याला पाहून ती जागीच थांबली आणि मागे फिरून आत गेली.

त्याला फार अपराध्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने घोड्यावर बसून गुरं आणायला निघाला. मार्था फाटकापाशी उभी होती.

"आज हाक नाही?"

"सॉरी, मॅडम. पुन्हा नाही मारणार."

"मार," ती म्हणाली. "मी डोळे मिटून घेते."