बाईंनी खोडलेलं नाव

"ही जाड रेघ इथे एकदम गायब होते. का बरं?"

निवड समितीच्या अध्यक्षांनी पडद्यावर बोट ठेवलं. मुलाखतीत हाच प्रश्न येणार या धास्तीनं आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं.

पडद्यावर तिची सगळी कारकीर्द कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली होती. मधला ठिपका तिचा. भोवतीचे ठिपके तिच्याबरोबर शोधनिबंध लिहिलेल्या माणसांचे. त्या त्या वर्षी जितकं लिखाण एकत्र, तितकी मधली रेघ जाड. ज्याच्या लिखाणाचा दाखला इतरांनी जास्त दिला, त्याचा ठिपका मोठा. सगळ्यांत जाड रेघ तिच्या मार्गदर्शक बाईंकडे जात होती. अध्यक्ष वर्षं एकेक करून पुढे सरकवत होते. तिला बाळ झालं ते वर्ष आलं आणि रेघ पुसली गेली.

दाराबाहेर सासूच्या कडेवर ते बाळ, आता दोन वर्षांचं झालेलं, कुरकुरत होतं. तिचा एक कान तिकडेच होता. आत येताना सासू म्हणाली होती, "ताठ बैस. ते काही तुला खाणार नाहीत. आणि खायला उठलेच, तर मी आहे दाराशी."

जागा कायमची होती. मिळाली नाही तर महिनाअखेरीला कंत्राट संपणार, आणि पाण्यातल्या शेवाळावरचं तिचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाणार.

नवऱ्यानं उत्तर पढवून ठेवलं होतं. 'आमचे विषय वेगळे झाले, एवढंच म्हण. पुढे एक अक्षर नको.' ते वाक्य जिभेवर आलंही. पण डोळ्यांपुढे तो कच्चा खर्डा आला. मांडीवर बाळ घेऊन, एका हातानं टाइप केलेला. बाईंनी तो तपासून परत दिला तेव्हा प्रत्येक पान लाल पेन्सिलीनं रंगलं होतं. तक्ते सुधारले होते, स्वल्पविरामसुद्धा सोडले नव्हते. आणि पहिल्या पानावर, तिच्या नावाशेजारी, बाईंनी स्वतःचं नाव आडवी रेघ मारून खोडलं होतं.

"माझं नाव नको यात," एवढंच म्हणाल्या होत्या. त्यानंतर तिच्या कुठल्याच निबंधाला त्यांनी नाव दिलं नाही. घरी यायच्या, बाळाला लोकरीची टोपडी आणायच्या, त्याला खांद्यावर टाकून घरभर फिरायच्या. कामाचा विषय निघाला की मात्र त्यांना हटकून काहीतरी आठवायचं आणि त्या निघायच्या. तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. बाळ झाल्यापासून आपलं काम इतकं ढिसाळ झालंय, की बाईंना त्यावर आपलं नाव घालायची लाज वाटते.

"त्यांना माझं काम पसंत नव्हतं," ती म्हणाली. आता मागे फिरणं नव्हतं. "नाव त्यांनीच काढायला लावलं. पण तपासलं सगळं त्यांनी. पानन् पान."

संपलं, असं तिला वाटलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "कल्पना कुणाची होती?"

"माझी."

"प्रयोग?"

"मीच केले."

"मग झालं तर. अहो, मार्गदर्शकाचं नाव असलं की ते काम उमेदवाराचं स्वतःचं आहे असं आम्ही धरत नाही. नियमच आहे तसा. त्याच निबंधाचा दाखला आज जो तो देतोय, त्याच्या जोरावर तुमचं नाव सगळ्यांच्या वर आलंय. बाईंचं नाव त्यावर असतं, तर तुम्हाला इथे बोलावलंच नसतं."

कोपऱ्यातल्या परीक्षक बाहेरच्या संस्थेतून आल्या होत्या. त्या खुदकन हसल्या.

"काम पसंत नव्हतं म्हणे! तुम्ही त्यांच्या कितव्या?"

"म्हणजे?"

"विद्यार्थिनी हो. मी पहिली. मलाही अगदी हेच वाटलं होतं. वसतिगृहाच्या जिन्यात बसून मी इतकी रडले, की रखवालदार पाणी घेऊन आला." त्यांनी माउस आपल्याकडे ओढला. "थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवते."

त्यांनी बाईंचा ठिपका मधोमध आणला आणि वर्षं पहिल्यापासून सोडली.

एक रेघ उगवली, जाड होत गेली आणि एका वर्षी पुसली गेली. मग दुसरी. मग आणखी एक. सुटलेला ठिपका थोडा वेळ एकटाच राहायचा. मग त्याच्याभोवती रेघा फुटू लागायच्या, आणि बघता बघता तो फुगत जायचा. यात तिचाही ठिपका होता. वर्षं संपली तेव्हा पडदा कडेपर्यंत जाळ्यांनी भरला होता, आणि मधोमध, एकही रेघ न उरलेला, सगळ्यांत लहान ठिपका बाईंचा होता.