कपाळापुरती

सोलापुरातल्या गिरणीतली मनकर्णा दुपारचा भोंगा झाल्यावर चित्रकारासमोर बसायला यायची, तेव्हा आत त्याची बायको गुरम्मा भाकऱ्या करपवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं तिचं कधी चित्र काढलं नव्हतं. मनकर्णा विधवा, तिचं कपाळ मोकळं, एवढाच गुरम्माला दिलासा होता. त्या दिवशी मनकर्णा गेल्यावर त्यानं हाक मारली, “अगं, जरा समोर बस की.” तिनं तोंड धुऊन नव्यानं ठसठशीत कुंकू रेखलं आणि ठेवणीतलं इरकल नेसून ती नवरीसारखी बसली. तो नुसता कपाळाकडं बघत होता. चार फटकारे मारून म्हणाला, “झालं, ऊठ.” ती चित्रापाशी धावली. मनकर्णाच्या कपाळावर गुरम्माचं कुंकू ओलं चमकत होतं. “मोकळं कपाळ चित्रात भकास दिसायलं होतं,” तो ब्रश पुसत बोलला. गुरम्मानं गळ्याशी हात नेला. “मंगळसूत्रासाठी कवा बसू?”